समुद्रसपाटीवरचा हिमालय

ताईने बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. ऱ्होडोडेंड्रॉन हे हिमालयातल्या फुलझाडाचं नाव तिने फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल कोण जाणे, पण फुललेलं झाड कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर एप्रिलमध्ये सिक्कीमला, युमथांगच्या खोऱ्यात जायचं हे पक्कं होतं. मग तिच्या दम्याने डोकं वर काढलं, डॉक्टरांनी उंचावर जायला साफ मनाई केली आणि आम्हा दोघी बहिणींची तिकिटं रद्द झाली.

तिची मुलगी इंग्लंडात, एक्झिटरला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, ती झाडं इकडे कॉर्नवॉलला समुद्राकाठी आहेत. डोंगर चढायचा नाही, नुसतं खाली उतरत जायचं." उतरलेलं परत चढावं लागतं, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बुकिंगचं सगळं भाचीने बघितलं. एप्रिलच्या मध्यावर चौसष्ट वर्षांची ताई आणि अठ्ठावन्न वर्षांची मी, अशा दोघी सहा दिवसांसाठी निघालो.

पहिला दिवस : एक्झिटर ते फालमथ

एक्झिटर सोडल्यावर थोड्याच वेळात रूळ थेट समुद्राला जाऊन भिडतात. डॉलिश नावाच्या गावापाशी तर लाटा गाडीच्या खिडकीवर येतील की काय असं वाटतं. फेब्रुवारी २०१४च्या वादळात इथली संरक्षक भिंत फुटली होती आणि खालची जमीन वाहून जाऊन रूळ दोरीवर वाळत घातल्यासारखे हवेत लोंबकळत होते. जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, तेव्हा जागा त्या बाजूची घ्या. पुढे सॉल्टॅशला ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेला १८५९चा लोखंडी पूल ओलांडला की कॉर्नवॉल सुरू. ट्रुरोला गाडी बदलून दोन-तीन डब्यांच्या छोट्या गाडीने फालमथ.

दोघी-दोघांनी फिरणार असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा. तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाड्यांना ते चालत नाही.

राहायची जागा स्वच्छ होती, पण खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. "हेच का तुमचं उतरत जायचं?" ताईने जिन्यातूनच मुलीला फोन लावला.

तिथे एप्रिलमध्ये आठ वाजेपर्यंत उजेड असतो. चहा घेऊन गिलिंगव्हेजच्या किनाऱ्यावर गेलो, लगतच्या क्वीन मेरी गार्डनमधून एक फेरी मारली आणि पेंडेनिस किल्ल्याच्या दिशेने चालत सुटलो. आठव्या हेन्रीच्या काळातला, साधारण १५४०च्या सुमाराचा हा किल्ला. तिथवर पोचलो नाही, कारण वाटेत मला ओल्या नारळाचा वास आला. कुठे माड नाही, कुणी काही खात नाही आणि वास अगदी खवलेल्या नारळाचा. मी रत्नागिरीची, या वासात माझी चूक होणं शक्य नाही. ताईने कडेच्या काटेरी झुडपाकडे बोट दाखवलं. पिवळ्याधमक फुलांनी भरलेलं गॉर्स. नाक जवळ नेलं तर खरंच, नारळ! काटे मात्र असे की नाक जपूनच न्यावं. पुढचे पाचही दिवस वाऱ्यावरून अधूनमधून तो वास येत राहिला आणि दर वेळी मला सोलकढी आठवली.

दुसरा दिवस : ट्रेबा आणि ग्लेनडर्गन

सकाळी बसमध्ये चढलो तर ड्रायव्हर ताईला म्हणाला, "ऑल राइट, माय लव्हर?" ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. इकडे येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही असंच म्हणतात, हे मला भाचीने सांगून ठेवलं होतं. ताईला सांगायचं राहिलं होतं. (मुद्दाम.)

ट्रेबा या बागेची कथा फालमथ बंदरापासून सुरू होते. इथे फॉक्स नावाचं क्वेकर या ख्रिस्ती पंथातलं घराणं जहाजांच्या दलालीचा धंदा करायचं. जगभरच्या बोटी दारात, त्यामुळे कप्तानांकडून बिया आणि रोपं यायची. तिघा भावांनी तीन बागा केल्या : रॉबर्टने पेनजेरिक, आल्फ्रेडने ग्लेनडर्गन आणि चार्ल्सने ट्रेबा. हे चार्ल्स महाशय भलतेच काटेकोर. झाड लावायच्या आधी ते मोठं झाल्यावर किती उंच दिसेल हे कळावं म्हणून माळ्याला तेवढ्या उंचीची लाकडी परांची उभी करायला लावायचे. स्वतः घराच्या माळ्यावरच्या खिडकीत दुर्बीण घेऊन बसायचे आणि कर्ण्यातून ओरडायचे, जरा डावीकडे, जरा मागे! तो बिचारा माळी रात्री झोपेतही परांची हलवत असेल.

या खटाटोपाचं फळ मात्र घरासमोरच्या हिरवळीवर उभं राहिलं की दिसतं. पायाखालून एक अरुंद दरी निघते, दोन्ही अंगांना फुलांचे डोंगर आणि तळाशी समुद्राचा निळा तुकडा. घरापासून पाण्यापर्यंत उतार साधारण दोनशे फुटांचा.

इंग्लंडात वृक्षनेचे आणि उंचच उंच ताडासारखी झाडं कशी, असं मीही विचारलं. अटलांटिकमधला उबदार प्रवाह या किनाऱ्याला लागून जातो, दऱ्यांमुळे वारा अडतो आणि हिवाळ्यात दव गोठेल अशी कडाक्याची थंडी क्वचित पडते, हे ताईचं उत्तर. आम्ही होतो तेव्हा दुपारी जेमतेम बारा अंश होतं, स्वेटरवर जाकीट घालून फिरत होतो आणि आजूबाजूला जंगल मात्र उष्ण देशातलं. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या बोटींमध्ये भार म्हणून नेच्यांचे ओंडके टाकलेले असायचे, बंदरात ते पाण्यात फेकले तर त्यांना पालवी फुटली, अशी एक गोष्ट इथे सांगतात. खरीखोटी ते नेचे जाणोत.

पहिलं ऱ्होडोडेंड्रॉन दिसलं ते एका वळणावर. दुमजली घराएवढं, गुलाबी गुच्छांनी असं लगडलेलं की पानं शोधावी लागत होती. मी फोन काढला, ताईने चष्मा. पाटी वाचून ती पुढे निघाली.

"अगं, थांब की! यासाठीच आलोय ना?"

"संकर आहे," ती म्हणाली. "बागेत तयार केलेला. मला डोंगरातला बघायचाय."

शिक्षकांना सोबत घेऊन प्रवास करू नये.

खालच्या ओढ्याकाठी दोन गोष्टींनी माझं मन रमवलं. पिवळ्या रंगाचे, हातभर लांब, नागफणीसारखे उघडलेले दांडे चिखलातून थेट वर आलेले. ताई म्हणाली, ही अळवाच्या कुळातली वनस्पती. जवळ जाऊन वास घेतला आणि पस्तावले. इंग्रजीत तिच्या नावात स्कंक हा घाणेरडा वास सोडणारा प्राणी का आहे ते कळलं. दुसरी गनेरा. उन्हाळ्यात हिची पानं माणसाच्या डोक्यावर छत्री धरावी एवढी होतात. एप्रिलमध्ये नुकती उलगडत होती, परातीएवढी, देठांवर बोथट काटे. "ताई, याची अळूवडी केवढी होईल गं?" "अळवाशी काही संबंध नाही याचा," ताई म्हणाली, आणि दहा पावलांनंतर, "आणि उंडा वळायला चौघं लागतील."

दरीच्या तळाशी छोटासा किनारा आहे. तिथे एक स्मारक दिसलं. जून १९४४मध्ये याच किनाऱ्यावरून अमेरिकेच्या २९व्या पायदळ डिव्हिजनचे ७,५०० सैनिक बोटींत चढले आणि नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावर गेले. ज्या सुंदर वाटेने वरून निवांत चालत आलो होतो, तिच्या शेवटी आम्ही दोघी जरा गप्प झालो. शेजारी दोन मुलं वाळूत खड्डा खणत होती. समुद्र शांत.

मग चढण. ताई दर बाकावर टेकत होती. ट्रेबाला बाकं भरपूर आहेत, हे तिच्यासारख्यांनी लक्षात ठेवावं. सातव्या बाकावर एक आजोबा बसले होते, दर आठवड्याला येणारे. ताईला धाप लागलेली बघून त्यांनी काही न बोलता आपली पिशवी उचलून जागा केली. ती सावरल्यावर मग गोष्टी सुरू केल्या. १९३९मध्ये ही इस्टेट तुकड्यातुकड्यांनी विकली गेली आणि बागेला कोणी वाली राहिला नाही. १९६०च्या दशकात ऑस्टिन-हीली गाड्यांवाले डोनाल्ड हीली इथले मालक होते. १९८१मध्ये हिबर्ट नावाच्या निवृत्त जोडप्याने आता निवांत जगू या म्हणून घर घेतलं, आणि झाडोऱ्याखाली काय दडलंय हे कळल्यावर उरलेलं आयुष्य कुदळ-फावड्यात घातलं. १९८७मध्ये बाग लोकांना खुली झाली. ताईने त्यांना विचारलं, मॅग्नोलिया कॅम्पबेली कुठे बघायला मिळेल? आजोबांनी खेदाने मान हलवली. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. आम्ही महिनाभर उशिरा आलो होतो.

म्हणून सांगते : मॅग्नोलिया आणि कॅमेलिया बघायचे तर फेब्रुवारीअखेर ते मार्च, ऱ्होडोडेंड्रॉनसाठी एप्रिल-मे, आणि ट्रेबाच्या तळाशी हायड्रेंजियांचा निळा पट्टा आहे तो जुलैपासून पुढे. सगळं एका फेरीत मिळत नाही.

ग्लेनडर्गन शेजारीच आहे, चालत जाता येतं, पण रस्त्याला पदपथ नाही आणि गाड्या वेगात येतात, तेवढं सांभाळा. तिथे १८३३चा, चेरी लॉरेलच्या झुडपांचा भूलभुलैया आहे. आल्फ्रेड फॉक्सला बारा मुलं. त्यांना घराबाहेर गुंतवून ठेवायला दुसरा कोणता उपाय असणार! मी आत शिरले. समोरच्या उतारावरून अख्खा नकाशा दिसतो, तिथे ताई बसली आणि हातवारे करून मला डावीकडे, उजवीकडे, मागे असं हाकू लागली. चार्ल्स फॉक्सला कर्णा होता, ताईला त्याचीही गरज पडली नाही. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे तो. शेजारच्या बोळातला एक जर्मन मुलगासुद्धा तिच्याच सूचनांवर बाहेर आला.

तिसरा दिवस : हेलिगन, पाऊस आणि एकादशी

सेंट ऑस्टेल स्टेशनवर गाडी पाच मिनिटं उशिरा पोचली आणि बस डोळ्यांदेखत गेली. पुढची पाऊण तासाने. कॉर्नवॉलच्या खेड्यांत बस तासाला एक असेल तर नशीब, तेव्हा परतीच्या वेळा सकाळीच फोनमध्ये टिपून ठेवा.

त्यात पाऊस. आपल्यासारखा कोसळून मोकळा होणारा नव्हे. हा दिसत नाही, ऐकू येत नाही, नुसता अंगात मुरतो. आणि त्यात ताईची एकादशी. "परदेशात चालतं गं," असं मी म्हणून बघितलं. तिने उत्तर दिलं नाही.

कॉर्निश भाषेत हेलिगन म्हणजे वाळुंजाचं झाड. ट्रेमेन घराण्याची ही इस्टेट. पहिल्या महायुद्धाआधी इथे २२ माळी होते. ऑगस्ट १९१४मध्ये त्यातल्या अनेकांनी भरती होण्याआधी आपली नावं एका भिंतीवर पेन्सिलीने लिहिली. भिंत कसली, तर माळ्यांच्या संडासाची. त्याला ते गंमतीने थंडरबॉक्स म्हणायचे. भरती झालेल्यांपैकी बरेचसे परतलेच नाहीत. बाग हळूहळू रानात बुडाली आणि १९९०मध्ये टिम स्मिट आणि ट्रेमेनांचे वंशज जॉन विलिस वेलींच्या गुंत्यातून वाट काढत आत शिरले तेव्हा ती खोली पुन्हा उजेडात आली. १९९२मध्ये बाग खुली झाली.

टरबुजाच्या काचघरांच्या आवारात, कोपऱ्यात आहे ती खोली. दाराशी वाकून बघावं लागतं. चुन्याच्या गिलाव्यावर करड्या, पुसट रेघा. नजर सरावल्यावर त्यातून अक्षरं वर येतात. इथे झोपायला नि लोळायला येऊ नका, अशी एक ओळ आणि खाली नावं. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी छत्री मिटली, बस्स, तेवढाच आवाज.

तिथून दोन पावलांवर अननसाचा खड्डा. थंडीत अननस पिकवायला काचेच्या पेटीच्या दोन्ही बाजूंच्या चरांत घोड्याचं ताजं शेण भरतात. ते कुजताना तापतं आणि ती ऊब मधल्या पोकळ विटांच्या भिंतीतून आत जाते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात श्रीमंतांचा हा षोक होता. हेलिगनने तो पुन्हा जिवंत केला आणि १९९७मध्ये पहिला अननस हाती आला. बाजूला उभा असलेला माळी एवढ्या अभिमानाने हे सांगत होता की आमच्या परसात अननस कुंपणाला लावतात, ही गोष्ट मी पोटात ठेवली. ताईने मात्र शेण किती दिवसांनी बदलता, आतलं तापमान किती, असे प्रश्न विचारून त्याला खूश केलं.

जेवायला ताईने भाजलेला अख्खा बटाटा आणि लोणी घेतलं. वरचा चीज आणि बीन्सचा ढीग मी माझ्या ताटात घेतला. "बघ, उपासाचं मिळालं की नाही!" तिच्या विजयापुढे माझं काही चालेना.

दुपारी पाऊस जरा थांबला आणि आम्ही फ्लोराज ग्रीन नावाच्या हिरवळीवर आलो. चारही बाजूंनी जुनी ऱ्होडोडेंड्रॉन. ही रोपटी नव्हेत, वृक्षच. वाकडी, शेवाळलेली, तपकिरी साल सोलत चाललेली खोडं. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या डोंगरांत फिरला आणि त्याने बिया पाठवल्या. लंडनमधल्या क्यूच्या वनस्पती उद्यानामार्फत त्या इकडच्या इस्टेटींत पोचल्या. हेलिगनची जुनी झाडं त्यातली. गंमत म्हणजे १८४९मध्ये सिक्कीमच्या दरबाराने हूकर आणि दार्जिलिंगचा सुपरिंटेंडंट कॅम्पबेल या दोघांना अटकेत टाकलं होतं. ते सुटले, पण ब्रिटिशांनी ते निमित्त करून सिक्कीमचा खालचा मुलूख गिळला. ताईचा हुकलेला मॅग्नोलिया याच कॅम्पबेलच्या नावाचा.

हिरवळीवरच्या एका ऱ्होडोडेंड्रॉनखाली लाल फुलांचा सडा होता. ताईने एक फूल उचललं. तळहातावर ठेवून पाकळ्यांची नळी नखाने उभी चिरली. आत तळाशी पाच काळपट ठिपके, प्रत्येक म्हणजे मधाची खोलगट पिशवी. पावसाचं पाणी आणि मध मिसळून थेंब तयार झाला होता. तिने बोटाने केसर मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहा.

"आर्बोरियम," ती म्हणाली. "उत्तराखंडात याचं सरबत करतात. बुरांश."

पुढची दहा-पंधरा मिनिटं ती त्या झाडाभोवती फिरत राहिली. सालीला हात लावला, पान उलटून बघितलं. मी फोटो काढले नाहीत, म्हणजे काढायचं सुचलंच नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "धाप लागली नाही बघ अजिबात." तिथली उंची समुद्रापासून फार तर दोन-तीनशे फूट असेल.

जंगल नावाच्या दरीत शंभर फुटी दोरखंडाचा झुलता पूल आहे, त्याला बर्मा पूल म्हणतात. ब्रह्मदेशाचा राजा थिबा आमच्या रत्नागिरीत आणून ठेवला आणि त्याच्या देशाच्या नावाचा पूल इथे! ताई खाली थांबली. मी गेले, मध्यावर पूल जो डुलायला लागला तो समोरचं टोक येईपर्यंत डोळे मिटूनच. हेलिगन मोठं आहे, दोनशे एकर. तिकीट माणशी वीस पौंडांच्या वर जातं, तेव्हा अख्खा दिवस द्या आणि बूट चिखलाचे घ्या. माझ्या कापडी बुटांनी पुढचे दोन दिवस हीटरवर काढले.

चौथा दिवस : पेन्झान्स

फालमथ सोडायच्या आधी धक्क्यावर बसून पॅस्टी खाल्ली. अर्धचंद्रासारखी, कडेला मुरड घातलेली, आपल्या करंजीची दणकट थोरली बहीण. मूळची खाणकामगारांची शिदोरी : गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगमासारखा स्वीड. आम्ही चीज-कांद्याची घेतली. मुरड आतून घालायची की वरून, यावरून आमचा वाद रंगात आला असताना एक सीगल मागून आला आणि ताईच्या हातातली अर्धी पॅस्टी घेऊन गेला. भुतासारखा. इतका मोठा पक्षी जराही आवाज न करता येतो यावर माझा अजून विश्वास नाही. पाठ भिंतीला लावून खा, हा सल्ला तिथल्या विक्रेत्याने नंतर दिला.

पेन्झान्सला आम्ही स्वयंपाकघर असलेली छोटी जागा घेतली होती. संध्याकाळी मोराब गार्डनमध्ये गेलो. गावातली सार्वजनिक बाग, १८८९पासूनची, तिकीट नाही. मध्ये १९०५चा बँडस्टँड, भोवती नेचे, केळी, ताड आणि समुद्राकडे उतरत जाणाऱ्या वाटा. मोठ्या बागांपेक्षा मला ही जास्त आवडली. शाळा सुटलेली मुलं, कुत्री, बाकावर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेला माणूस. बाग वापरात होती.

एक बाई गुडघ्यावर बसून पांढऱ्या घंटांसारख्या फुलांचं गवत उपटत होत्या. स्वयंसेवक. लसणाचा वास सुटला होता. हे तीनधारी लीक, दांडा बोटांत फिरवला की तिन्ही कडा लागतात. बाहेरून आलेलं, सगळीकडे माजलेलं. "खाता येतं, हवं तेवढं न्या," त्या म्हणाल्या. ताईने आधी चुरगाळून वास घेतला. डॅफोडिल आणि ब्लूबेलची पानं विषारी असतात आणि कोवळी असताना फसवतात, लसणाचा वास नसेल तर हात लावू नका. मग आम्ही जुडीभर घरी आणलं. भाचीने बरोबर दिलेले मूग आणि तांदूळ, तूप, जिरं आणि वरून चिरलेली ही पात. तिसऱ्या मजल्यावरच्या थंड खोलीनंतर ती खिचडी अमृतासारखी लागली.

पाचवा दिवस : सेंट मायकेल्स माउंट

मॅराझायनच्या किनाऱ्यासमोर समुद्रात एक खडकाळ टेकडी, वर किल्ला. ओहोटीला दगडी वाटेने चालत जायचं, भरतीला बोटीने. किल्ल्याखालच्या कड्यावर पायऱ्यापायऱ्यांची बाग आहे. तिथले माळी तण काढायला दोरखंडाला लटकून उतरतात. दिवसभर तापलेला खडक रात्री ऊब सोडतो म्हणून रुक्ष प्रदेशातली झाडं तिथे जगतात.

तर ही बाग त्या दिवशी बंद होती. किल्ल्याचे आणि बागेचे दिवस वेगळे असतात, आणि मी फक्त किल्ल्याचे वाचले होते. ताई काही बोलली नाही, ते जास्त लागलं. पण किल्ल्याच्या गच्चीवरून खाली वाकलं की सगळी बाग दिसते. मी उत्साहाने दाखवायला लागले आणि लक्षात आलं की मी कोरफड आणि घायपात दाखवतेय. घायपात! आमच्या गावी बांधावर असतं. त्यासाठी अर्ध्या जगाचा प्रवास करून मी कठड्यावर लोंबकळत होते.

उतरेपर्यंत वाटेवर पाणी चढायला लागलं होतं. काही लोक बूट हातात घेऊन धावत होते. ताईने एकदा पाण्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि बोटीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. भरती-ओहोटीचं वेळापत्रक रोज बदलतं, निघायच्या आधी बघाच.

किनाऱ्यावर क्रीम टी, म्हणजे चहाबरोबर जॅम आणि साय लावलेला स्कोन नावाचा छोटा पाव. कॉर्नवॉलमध्ये स्कोनवर आधी जॅम, मग क्लॉटेड क्रीम. शेजारच्या डेव्हनमध्ये उलट. भाची डेव्हनमध्ये राहत असल्याने आमची निष्ठा जरा डळमळीत होती. ते क्रीम म्हणजे घट्ट, पिवळसर साय, वर किंचित पापुद्रा धरलेली. आजीच्या शिंकाळ्यातल्या पातेल्यावरची. आम्ही दोघींनी स्कोन बाजूला ठेवून आधी नुसती सायच चमच्याने खाल्ली.

सहावा दिवस : ट्रेंग्वेंटन

नावाचा अर्थ वसंतातलं घर असा सांगतात. पेन्झान्सपासून बस जाते. हीही आणि ग्लेनडर्गनही नॅशनल ट्रस्टच्या, ट्रेबा आणि हेलिगन वेगळ्या संस्थांच्या, त्यामुळे एका तिकिटावर सगळं होत नाही. शिवाय काही बागा आठवड्यातले एक-दोन दिवस बंद असतात (आदल्या दिवशीचा धडा).

इथल्या भिंतबंद बागेची लांबी-रुंदी बायबलातल्या नोहाच्या तारवाएवढी ठेवली आहे. आतले विटांचे वाफे उतरते, पश्चिमेकडे कललेले, म्हणजे माती लवकर तापावी. कल्पक माणूस, असं मी म्हणणार तेवढ्यात बांधणाऱ्याबद्दल वाचलं. रोझ प्राइस. जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या कष्टांतून आलेला पैसा. त्या उबदार विटांवरून हात फिरवत होते, तो काढून घेतला. वाफ्यात रुबार्ब छान आला होता.

पुढे ओढ्याकाठून वाट वर जाते. १९२७-२८मध्ये फ्रँक किंग्डन-वॉर्ड आसाम-ब्रह्मदेशाच्या बाजूला रोपं शोधायला गेला, त्या मोहिमेच्या खर्चातला वाटा इथल्या मालकांनी उचलला होता. तिथून आलेल्या बियांतली एक म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन मॅकाबीनम. नागालँड आणि मणिपूरच्या डोंगरांतलं. ब्रिटनमध्ये ते पहिल्यांदा फुललं ते याच बागेत.

ताईला ते लांबूनच कळलं. पानं फूटभर लांब, खाली पांढरट लोकर. त्यावर फिक्या पिवळ्या घंटांचे डोक्याएवढे गुच्छ. बहर ओसरत आला होता, अर्धी फुलं खाली. तिने पडलेलं पान उचललं, उलटून गालाला लावलं. "लोकर बघ," म्हणून माझ्याही गालाला लावलं. घरी न्यायचा मोह झाला, पण विमानातून असं पान-माती न्यायची नसते हे तिनेच मला दहा वेळा बजावलेलं. पान तिने परत झाडाच्या बुंध्याशी ठेवलं.

मग बाकावर बसून एक फूल चिरलं. तळाशी गर्द जांभळा डाग. डायरी काढली, पेन्सिल काढली आणि फळ्यावर काढायची तशी आकृती काढायला घेतली, बाण आणि नावांसकट. मी घड्याळाकडे बघत होते. बस बारा मिनिटांनी होती, तिच्यानंतरची तासाभराने.

"ए," ती म्हणाली. "यात दहा नाहीत."

"काय दहा नाहीत?"

"केसर. सोळा आहेत. पाकळ्याही पाच नाहीत, आठ." तिने दुसरं फूल उचललं. चष्मा नाकावर सरकवला. "मी बत्तीस वर्षं दहा सांगितलंय पोरांना."

"बस जाईल, ताई."

"जाऊ दे. तू ते तिसरं दे इकडे, त्या दगडाशी पडलंय ते."